वय आणि माध्यम: खेड्यातल्या सर्वेक्षणासाठी काय-स्क्वेअर चाचणी, अगदी पहिल्यापासून

‘पोट्टे मोबाईलवर, म्हातारे टीव्हीपुढे, अन् पेपर कोणीच वाचत नाही.’ विदर्भातल्या कुठल्याही गावात पारावर बसलात तर दहा मिनिटांत हे वाक्य कानावर येईल. एमएसडब्ल्यू, पत्रकारिता, समाजशास्त्राच्या प्रकल्प अहवालांतही तेच असतं, फक्त भाषा जड असते. एक तक्ता, एक रंगीत आकृती आणि खाली ‘यावरून असे दिसून येते की’. जे दिसून आलं तो खरा फरक की पन्नास-शंभर माणसं निवडताना झालेला योगायोग, हे मात्र कोणी तपासत नाही. काय-स्क्वेअर चाचणी (पाठ्यपुस्तकांत काय-वर्ग) त्यासाठीच असते.

तिचा प्रश्न एकच: वयाचा आणि माध्यमाच्या निवडीचा काहीही संबंध नसता, तर आपल्या तक्त्यात दिसतोय एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसला असता का? ही चाचणी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली. तिचं गणित आठवीतल्या मुलालाही जमेल: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि एक वर्ग. अडतं ते गणिताच्या आधी, म्हणजे कोणाला विचारलं, काय विचारलं आणि प्रत्येक माणूस तक्त्यात एकदाच मोजला गेला का, इथे. म्हणून अहवाल हाती आला की मी काय-स्क्वेअरचा आकडा शेवटी बघतो, आधी प्रश्नावली मागतो. या लेखातही तयारीचा भाग लांबला आहे, तो त्याच कारणानं.

प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तरही एकच

‘तुम्ही कोणती माध्यमे वापरता?’ हा प्रश्न या चाचणीसाठी कुचकामी आहे. काकाजी टीव्हीही पाहतात, पेपरही चाळतात आणि नातवाच्या मोबाईलवर यूट्यूबही लावतात. तीन खुणा झाल्या की एक माणूस तक्त्यात तीनदा मोजला जातो आणि चाचणीचा पायाच ढासळतो. एक माणूस, एक चौकट. हा नियम मोडला की पुढच्या सगळ्या आकडेमोडीला अर्थ उरत नाही.

‘तुमचं आवडतं माध्यम कोणतं?’ हा प्रश्न बरा वाटतो, पण तोही ढिलाच. साठीतला कपाशीवाला शेतकरी याचं उत्तर कसं देईल पाहा: ‘पान्याचं टीव्हीवर पाह्यतो, कापसाचा भाव मोबाईलवर येते, अन् कोन मेलं ते पेपरातच समजते.’ तिन्ही उत्तरं खरी आहेत. बातमी कुठली, यावर माध्यम ठरतं. त्यामुळे बातमीचा प्रकार प्रश्नातच बांधून टाकायचा: ‘राज्यातली मोठी बातमी तुम्हाला बहुतेक वेळा सगळ्यात आधी कशावरून कळते?’ पर्याय: मोबाईल, टीव्ही, वर्तमानपत्र, रेडिओ. पाचवा पर्याय ‘दुसऱ्या माणसाकडून’ हाही फॉर्मवर ठेवाच. ‘मी त पोट्टा सांगते तेच आयकतो’ म्हणणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. त्यांना जबरदस्तीनं टीव्हीत ढकलू नका. तक्ता माध्यमांचाच करायचा असेल तर त्यांना वेगळं काढा आणि अशी किती माणसं होती ते अहवालात लिहा.

माध्यमांच्या हद्दीही आधी ठरवा. वॉट्सअॅपवर आलेली पेपरची पीडीएफ मोबाईलमध्ये धरायची की वर्तमानपत्रात? टीव्हीच्या पडद्यावर लावलेलं यूट्यूब कशात? मोबाईलमधल्या रेडिओवर आकाशवाणी ऐकणारा कशात? माझं मत विचाराल तर उपकरण धरा: हातात मोबाईल असेल तर मोबाईल. त्यावर सर्वेक्षकांत वाद होत नाही. बातमी कोणी तयार केली हे धरायलाही हरकत नाही, पण मग सगळ्यांनी तेच धरायचं. चार मुलं चार वस्त्यांवर जाऊन चार पद्धतीनं खुणा करत असतील तर मिळणारा फरक सर्वेक्षकांचा असेल, गावकऱ्यांचा नाही.

वयोगट पाडताना

वयोगट माहिती गोळा करण्याआधी ठरवायचे. आकडे हाती आल्यावर ‘इथे कापलं तर फरक जास्त दिसतो’ असं करणं म्हणजे निकाल आधी लिहून परीक्षा घेणं.

खेड्यात आणखी एक अडचण येते. बरीच वडीलधारी मंडळी वय गोल आकड्यात सांगतात: ‘लिव पन्नास’, ‘साठ असन’. शून्य आणि पाच यांवर वयांचा ढीग लागतो. नेहमीसारखे ३१ ते ५० आणि ५१ च्या पुढे असे गट पाडले, तर खरं वय बावन्न असलेला माणूस ‘पन्नास’ म्हणतो आणि अलीकडच्या गटात जाऊन बसतो. त्यापेक्षा १८ ते ३२, ३३ ते ५२ आणि ५३ व पुढे असे गट करा. दिसायला विचित्र दिसतात, पण पन्नास आणि तीस हे ढिगाचे आकडे गटाच्या काठावर न येता थोडे आत येतात. मार्गदर्शकांनी विचारलं तर कारण हेच सांगा.

वय अगदीच आठवत नसेल तर घटनेवरून काढा. नरखेड, काटोल, वरूडकडे ‘मोवाडचा पूर आला तेव्हा कितवीत होते, काकाजी?’ हा प्रश्न चांगला चालतो. तो पूर १९९१ चा. तेव्हा सातवीत असेल तर जन्म १९७८-७९ च्या आसपासचा. म्हाताऱ्या आजीला १९७२ चा दुष्काळ विचारा: लग्न झालं होतं का, कडेवर लेकरू होतं का.

कोणाला विचारायचं

पानटपरीवर उभं राहून शंभर फॉर्म दुपारभरात भरता येतात आणि ते सगळे पुरुषांचे असतात. बचत गटाच्या बैठकीत वाटले तर पहिल्या ताईनं जे सांगितलं तेच पुढच्या चौदा जणी सांगतात. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत दुपारी घरोघरी गेलात तर घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरंच सापडतात. कामाची माणसं संध्याकाळी सातनंतर भेटतात, आणि त्यातही लाईट असेल तर टीव्हीपुढून उठायला तयार नसतात.

मतदार यादी हा त्यातल्या त्यात चांगला आधार. तिच्यात घर क्रमांक, वय आणि स्त्री की पुरुष हे असतं, आणि अठरा वर्षांखालचे आपोआप गळतात. यादीतून ठराविक अंतरानं नावं घ्या, उदाहरणार्थ दर आठवं. ‘पोरगा पुण्याला राह्यते’ असं उत्तर मिळालं तर त्याच्याऐवजी कोणाला घ्यायचं हे आधी ठरलेलं असू द्या. समोर दिसला त्याला घेतला, असं नको.

आणि एका घरातून एकच माणूस. एका घरातल्या चौघांना विचारलं तर चारही उत्तरं एकाच टीव्हीची असतात, चार स्वतंत्र उत्तरं नसतात. चाचणी मात्र त्यांना चार स्वतंत्र माणसं समजते आणि फरक फुगवून दाखवते. ही चूक निकालात कुठेच दिसत नाही, म्हणूनच ती जास्त घातक.

नमुना किती मोठा हवा? इथे फार मोठी सूत्रं नकोत. सगळ्यात लहान वयोगटाचा वाटा गुणिले सगळ्यात कमी निवडल्या जाणाऱ्या माध्यमाचा वाटा गुणिले एकूण माणसं, हे उत्तर किमान ५ यायला हवं. लहान गट ३० टक्के आणि रेडिओवाले साधारण सात टक्के निघतील असा अंदाज असेल, तर अडीचशेच्या आसपास माणसं लागतात. रेडिओवाले तीनच टक्के असतील तर साडेपाचशेच्या वर. हा अंदाज बांधायला आधी वीस-पंचवीस घरांत चाचपणी करा. आकाशवाणीची नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशी केंद्रं विदर्भात आहेत, त्यामुळे रेडिओचं चित्र सगळ्या तालुक्यांत सारखं असेल असं धरून चालू नका.

तक्ता मांडणे

आता आकडे. खालचे आकडे कुठल्याही गावातून आणलेले नाहीत. गणित सोपं जावं म्हणून सरावासाठी मीच मांडले आहेत. ते अहवालात उतरवू नका.

| वयोगट | मोबाईल | टीव्ही | वर्तमानपत्र | रेडिओ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| १८ ते ३२ | ६६ | १५ | ७ | २ | ९० |
| ३३ ते ५२ | ५४ | ३८ | २१ | ७ | १२० |
| ५३ व पुढे | २० | ३७ | २२ | ११ | ९० |
| एकूण | १४० | ९० | ५० | २० | ३०० |

चौकटीत माणसांची संख्या लिहायची, टक्के नाही. टक्के वाचकाला समजावायला चांगले, चाचणीला चालत नाहीत. प्रत्येक ओळीत शंभर टक्के भरले की तीसच माणसांचा गट असला तरी यंत्राला तो शंभरांचा वाटतो. आडव्या आणि उभ्या बेरजा दोनदा तपासा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

चाचणी सुरू करण्याआधी शून्य परिकल्पना लिहून ठेवायची: ‘वयोगट आणि पहिली बातमी देणारे माध्यम यांत संबंध नाही.’ आपल्याला संबंध आहे असं वाटत असलं तरी लिहायचं हेच. चाचणी याच विधानाला धक्का देऊन पाहते. सार्थकता पातळीही आत्ताच ठरवा, म्हणजे संबंध नसताना ‘आहे’ म्हणण्याचा किती धोका पत्करायचा ते. सामाजिक शास्त्रांत ०.०५ घेण्याचा प्रघात आहे.

अपेक्षित संख्या

संबंध नसता तर तक्ता कसा दिसला असता, ते आता काढायचं. एकूण ३०० जणांत मोबाईलवाले १४०. वयाचा काही परिणाम नसेल तर प्रत्येक वयोगटात मोबाईलचं हेच प्रमाण राहायला हवं. म्हणजे ९० तरुणांत ९० × १४० ÷ ३०० = ४२. नियम सगळ्या चौकटींना तोच: ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण.

| वयोगट | मोबाईल | टीव्ही | वर्तमानपत्र | रेडिओ |
|---|---|---|---|---|
| १८ ते ३२ | ४२ | २७ | १५ | ६ |
| ३३ ते ५२ | ५६ | ३६ | २० | ८ |
| ५३ व पुढे | ४२ | २७ | १५ | ६ |

इथे आकडे नेमके पूर्ण आले, कारण मूळ आकडे तसे निवडले. तुमच्या तक्त्यात ३७.४६ असं काही येईल. साडेसदतीस माणसं कशी, म्हणून ते पूर्ण करू नका, दशांश तसेच ठेवा. याही तक्त्याच्या ओळींची आणि रकान्यांची बेरीज मूळ तक्त्याएवढीच यायला हवी. आली नाही तर कुठेतरी चूक आहे.

याच टप्प्यावर अपेक्षित संख्या फार लहान आहेत का ते पाहा. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सांगितलेला आणि आजही सर्रास वापरला जाणारा नियम असा: एकाही चौकटीत अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी नको, आणि ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नकोत. लक्षात घ्या, नियम अपेक्षित संख्येचा आहे. मूळ तक्त्यात तरुण रेडिओवाले दोनच आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही, तिथली अपेक्षित संख्या ६ आहे. तोंडी परीक्षेत या एका मुद्द्यावर चांगली चांगली मुलं गडबडतात.

नियम मोडत असेल तर दोन शेजारचे गट किंवा दोन जवळची माध्यमं एकत्र करा. पण जोडी अर्थाची हवी. रेडिओ आणि टीव्ही मिळून ‘प्रसारण माध्यमे’ होऊ शकतात. रेडिओ आणि मोबाईल एकत्र केले तर तुमचा प्रश्नच हरवतो. जोडण्यासारखं काहीच नसेल तर फिशरची अचूक चाचणी लावता येते, ती संगणकावर करावी.

काय-स्क्वेअरचा आकडा

प्रत्येक चौकटीत: प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, उत्तराचा वर्ग करा, त्याला अपेक्षित संख्येनं भागा. वर्ग केल्यामुळे अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकत नाहीत. भागल्यामुळे दहाचा फरक सहापैकी आहे की सहाशेपैकी, हे हिशेबात येतं.

तरुण-मोबाईल या चौकटीचं उदाहरण: ६६ − ४२ = २४, वर्ग ५७६, भागिले ४२ = १३.७१. बाकीच्या चौकटी अशाच:

| वयोगट | मोबाईल | टीव्ही | वर्तमानपत्र | रेडिओ | ओळीची बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| १८ ते ३२ | १३.७१ | ५.३३ | ४.२७ | २.६७ | २५.९८ |
| ३३ ते ५२ | ०.०७ | ०.११ | ०.०५ | ०.१३ | ०.३६ |
| ५३ व पुढे | ११.५२ | ३.७० | ३.२७ | ४.१७ | २२.६६ |

सगळ्यांची बेरीज ४९.००. हाच काय-स्क्वेअर.

आता हा आकडा मोठा की लहान? त्यासाठी स्वातंत्र्य मात्रा लागतात: (ओळी − १) × (रकाने − १), म्हणजे २ × ३ = ६. अर्थ असा की बेरजा ठरलेल्या असतील तर बारापैकी सहाच चौकटी मनानं भरता येतात, उरलेल्या सहा आपोआप ठरतात. खुद्द पिअर्सन यांनी अशा तक्त्यांसाठी हा हिशेब चुकीचा धरला होता. त्यांच्या पद्धतीनं इथे ११ आले असते. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये तो दुरुस्त केला आणि त्यावरून दोघांत चांगलंच वाजलं. तेव्हा तुमचा इथे पहिल्यांदा गोंधळ झाला तर फार वाईट वाटून घेऊ नका. बेरजेची ओळ आणि बेरजेचा रकाना मात्र मोजायचा नाही.

पाठ्यपुस्तकाच्या शेवटी काय-स्क्वेअरचा तक्ता असतो. त्यात स्वातंत्र्य मात्रा ६ आणि पातळी ०.०५ समोर १२.५९२ हा आकडा सापडेल, ०.०१ समोर १६.८१२. दोन गट आणि दोन माध्यमं असतील तर मात्रा १, आकडा ३.८४१. तीन गट आणि तीन माध्यमं असतील तर मात्रा ४, आकडा ९.४८८. आपला ४९ हा १२.५९२ पेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. आकडा लहान आला असता तर ‘संबंध असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही’ असं लिहायचं असतं. ‘सर्व वयोगटांची आवड सारखी आहे हे सिद्ध झाले’ असं लिहायचं नाही. चाळीस माणसांच्या सर्वेक्षणात काही सापडलं नाही, याचं कारण चाळीसच माणसं होती हेही असू शकतं.

फरक नेमका कुठे आहे

बहुतेक अहवाल ‘परिकल्पना नाकारण्यात आली’ या वाक्यावर संपतात. खरी मजा त्यानंतर आहे. ४९ हा आकडा फक्त सांगतो की तक्त्यात कुठेतरी फरक आहे. कुठे, ते चौकटी पाहून कळतं.

मधली ओळ पाहा. ३३ ते ५२ या गटाचा वाटा ४९ पैकी ०.३६, म्हणजे जवळपास काहीच नाही. हा गट अगदी सरासरीसारखा वागतो. सगळा फरक दोन टोकांच्या गटांत आहे, आणि त्यातही निम्म्याहून जास्त एकट्या मोबाईलच्या रकान्यात: १३.७१ आणि ११.५२ मिळून पंचवीसच्या वर.

हे आणखी काटेकोर करायचं तर समायोजित अवशेष काढा. प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक घ्या. त्याला भागायचं ते ‘अपेक्षित × (१ − ओळीचा वाटा) × (१ − रकान्याचा वाटा)’ याच्या वर्गमुळानं. तरुण-मोबाईलसाठी ४२ × ०.७ × ०.५३३ = १५.६८, त्याचं वर्गमूळ ३.९६, आणि २४ ÷ ३.९६ = ६.०६. हा आकडा २ च्या वर किंवा उणे २ च्या खाली गेला की ती चौकट लक्ष देण्यासारखी, असं साधारण मानतात. पण बारा चौकटी एकदम तपासल्या तर एखादी योगायोगानंच २ ओलांडून जाते, म्हणून मी ३ ची कसोटी लावतो. तशी लावली तर या तक्त्यात तीनच चौकटी टिकतात: तरुण-मोबाईल जास्त (६.०६), ज्येष्ठ-मोबाईल कमी (उणे ५.५६) आणि तरुण-टीव्ही कमी (उणे ३.३०). ज्येष्ठ-टीव्ही २.७५ वर अडकतो, ज्येष्ठ-रेडिओ २.५३ वर. म्हणजे पारावरचं ‘पोट्टे मोबाईलवर’ या आकड्यांत ठामपणे उभं राहतं, ‘म्हातारे टीव्हीपुढे’ तितकं नाही. आणि पेपर? ज्येष्ठांपैकी जवळपास चौथा हिस्सा पेपरवरच आहे, तेव्हा ‘कोणीच वाचत नाही’ हे तर साफ पडलं.

संबंध किती घट्ट

काय-स्क्वेअरचा आकडा माणसांच्या संख्येबरोबर वाढतो. वरच्या तक्त्यातली प्रत्येक चौकट दसपट केली, टक्के तेच ठेवले, तर काय-स्क्वेअर ४९० येईल. दहावा हिस्सा केला तर ४.९, म्हणजे निकालच उलटा. त्यामुळे ‘माझा काय-स्क्वेअर तुझ्यापेक्षा मोठा’ या बोलण्याला अर्थ नाही. घट्टपणा मोजायला क्रॅमरचा व्ही आहे: काय-स्क्वेअरला ‘एकूण माणसं × (ओळी आणि रकाने यांतली लहान संख्या − १)’ यानं भागा आणि वर्गमूळ घ्या. इथे ४९ ÷ (३०० × २) = ०.०८१७, वर्गमूळ ०.२९. शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण बांधलेला. ०.२९ ला सामाजिक सर्वेक्षणात मध्यम म्हणायला हरकत नाही. दसपट केलेल्या तक्त्यातही हा ०.२९ च राहतो.

संगणकावर

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये काय-स्क्वेअर टेस्ट नावाचं फंक्शन आहे. त्याला दोन पट्टे द्यायचे: प्रत्यक्ष संख्यांचा आणि अपेक्षित संख्यांचा, दोन्ही बेरजा वगळून. अपेक्षित तक्ता तुम्हालाच करावा लागतो. उत्तरात थेट पी-मूल्य येतं, म्हणजे संबंध नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता; ते ठरवलेल्या पातळीपेक्षा कमी असेल तर शून्य परिकल्पना नाकारायची. काय-स्क्वेअरचा आकडा येत नाही. आपल्या तक्त्यासाठी पडद्यावर ‘७.४६ई-०९’ असं दिसेल, म्हणजे ०.०००००००० च्या पुढे पंचाहत्तर. काही मुलं ते ‘पी = ७.४६’ असं उतरवतात. पी-मूल्य एकापेक्षा मोठं असूच शकत नाही.

लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळतं. त्याच्या डेटा मेनूत स्टॅटिस्टिक्सखाली काय-स्क्वेअर चाचणी आहे, ती आकडा, मात्रा आणि पी-मूल्य तिन्ही देते. एसपीएसएस असेल तर अॅनालाइझ, मग डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, मग क्रॉसटॅब्स. स्टॅटिस्टिक्सच्या बटनात काय-स्क्वेअर आणि क्रॅमरचा व्ही, सेल्सच्या बटनात अपेक्षित संख्या आणि समायोजित अवशेष यांवर खूण करा. निकालात तीन-चार ओळी येतात, त्यातली पिअर्सनची घ्यायची. तक्त्याखालची बारीक टीप वाचा, किती चौकटींत अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. पी-मूल्याच्या जागी ‘.०००’ दिसलं तर अहवालात ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहा, शून्य नाही.

पण पहिल्यांदा एकदा तरी कागदावर हातानं सोडवा. ज्यानं ४२ स्वतः काढला, त्याला बाह्य परीक्षक काहीही विचारोत.

अनेक उत्तरांचा प्रश्न आधीच विचारून झाला असेल तर

फॉर्म भरून परत आलात आणि आता कळतंय की ‘कोणकोणती माध्यमे’ विचारलं होतं, तरी सगळं वाया गेलेलं नाही. प्रत्येक माध्यमाचा वेगळा तक्ता करा: ओळींत तीन वयोगट, रकान्यांत ‘वापरतो’ आणि ‘वापरत नाही’. आता प्रत्येक माणूस एका तक्त्यात एकदाच येतो. मात्रा २, ०.०५ पातळीचा आकडा ५.९९१. मात्र अशा चार चाचण्या झाल्या, म्हणून पातळी चारानं भागून ०.०१२५ धरा; मग ५.९९१ ओलांडणं पुरेसं नाही, पी-मूल्य ०.०१२५ पेक्षा कमी हवं. एका मोठ्या चाचणीइतकं नेटकं हे नाही, पण प्रामाणिक आहे.

अहवालात लिहिताना

वाक्य साधारण असं असावं: ‘वयोगट आणि राज्यातील मोठी बातमी प्रथम देणारे माध्यम यांत सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक संबंध आढळला; काय-स्क्वेअर = ४९.००, स्वातंत्र्य मात्रा ६, एकूण उत्तरदाते ३००, पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी, क्रॅमरचा व्ही ०.२९.’ त्याखाली ओळीनुसार टक्के द्या: मोबाईल सांगणारे तरुण ७३.३ टक्के, मधल्या गटात ४५, ज्येष्ठांत २२.२. सामान्य वाचकाला हेच कळतं.

‘वय वाढल्यामुळे मोबाईलचा वापर कमी होतो’ असं लिहू नका. चाचणी कारण सांगत नाही. ज्येष्ठांत शाळा कमी शिकलेले, स्वतःचा स्मार्टफोन नसलेले जास्त असतील तर फरक शिक्षणाचा किंवा खिशाचा असू शकतो. शिवाय आजचा पंचविशीतला मुलगा साठीला पोचल्यावर मोबाईल टाकून टीव्हीकडे वळेल, असं या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या पिढीची ती सवय असू शकते. आणखी एक: चाचणीला वयोगटांचा क्रम कळत नाही. तिन्ही ओळी उलटसुलट लावल्या तरी ४९ च येतो. वयाबरोबर चढ किंवा उतार आहे असं म्हणायचं असेल तर टक्क्यांवरून दाखवा किंवा कलाची वेगळी चाचणी लावा.

आणि शीर्षकात ‘विदर्भातील ग्रामीण भाग’ घालण्याचा मोह आवरा. यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यातली तीन गावं म्हणजे भंडारा-गोंदियाचा धानपट्टा नव्हे, आणि मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं अशी गडचिरोलीतली गावं तर नव्हेच. शीर्षकात तालुका लिहा, आणि गावं कशी निवडली, सर्वेक्षण कोणत्या महिन्यात केलं, किती घरं बंद सापडली हे पद्धतीच्या प्रकरणात. पेरणीच्या धामधुमीत घेतलेली उत्तरं आणि दिवाळीनंतर घेतलेली उत्तरं सारखी असतीलच असं नाही.